माझ्या हातात बसणारी कुकरी

पाच बायका मिळून पाला तोडायला गेल्या की किस्से आपोआप साठतात. जाताना रिकाम्या जातो आणि येताना डोक्यावर भारा, तोंडात किस्सा! तो किस्सा ओढ्यावरून वस्तीपर्यंत येईस्तोवर त्याला शेपूट फुटतं, वस्तीवरून बाजारात जाईस्तोवर शिंगं. माझ्या कुकरीचा किस्सा तर मला युसूफ वडगावच्या बाजारात एका अनोळखी बाईनंच सांगितला. म्हणाली, "त्या वस्तीवरच्या एका सुनेनं नेपाळहून तलवार मागवली म्हणं, सासूसाठी!"

मी म्हटलं, "हो का?" आणि गपचूप भेंडी घेऊन घरी आले.

म्हणून ठरवलं, खरं काय झालं ते आपणच लिहावं. शिक्षण माझं सातवीपर्यंत. चुकलंमाकलं तेवढं सांभाळून घ्या.

*

आधी माझ्या हाताची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

माझे हात लहान आहेत. लहान म्हणजे किती? बांगड्या दोन-चार नंबरच्या लागतात. कासारीण दरवेळी म्हणते, "हा साइज आता शाळंतल्या पोरींना बी होत न्हाई."

लग्न होऊन आले त्या वर्षी आमच्या गोवऱ्या चोरीला जायला लागल्या. रोज दहा-बारा कमी! आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कौसाकाकूला बोलावलं. कौसाकाकू आमच्या पाल्याच्या टोळीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ. तिला वस्तीवरच्या प्रत्येक बाईची गोवरी ओळखू येते. गोवरी थापताना पाची बोटं उमटतात ना, त्यावरून! कोणाचा अंगठा वाकडा, कोणाची करंगळी आखूड, सगळं तिला पाठ.

ती सगळ्यांच्या भिंती बघत बघत गेली आणि एका ढिगापाशी थांबली. एक गोवरी उचलून वर धरली आणि ओरडली, "ही बघा अनिताची! ह्या वस्तीवर एकतर ही थापती, न्हाईतर बालवाडी!"

चोर सापडला. पण माझं नाव तेव्हापासून बालवाडी पडलं ते पडलंच.

आत्या तेव्हा काही हसल्या नाहीत. ती गोवरी हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "ह्या हातानं काय व्हायचं!"

*

पुढं आरू झाली. आरूच्या जन्माला माझ्या आईनं एक गाभण शेळी पाठवली, चंद्री. चंद्रीच्या दोन वर्षांत सहा शेळ्या झाल्या. त्या माझ्या. घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नाही, म्हणून त्या शेळ्यांवर माझा जीव.

पण बाळंतपणानंतर माझ्या उजव्या मनगटात कळ यायला लागली. केजच्या डॉक्टरांनी सांगितलं, "लेकराला उचलून उचलून झालंय. मनगटाला आराम द्या."

कौसाकाकू म्हणाली, "त्या डॉक्टरला म्हणावं, शेळ्यांना बी एक चिठ्ठी लिहून दे, आठ दिवस खाऊ नका म्हून!"

मग काय, तसंच तोडत राहिले. आमच्याकडं पाला तोडायला आरूच्या पप्पांचा जुना ऊसतोडीचा कोयता. त्याची मूठ त्यांच्या पंजाची. माझी बोटं तिला पुरती वेढा घालत नाहीत. एक दिवस ओढ्यावर सुबाभळीची फांदी तोडताना मनगटात कळ आली आणि कोयता सटकला. हवेत गेला, गरकन फिरला आणि मातीत रुतला. आरू बसली होती तिथून एक वीतभर अंतरावर.

मी तर जागीच बसले. 

आरूनं कोयत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "मम्मी, पुना!"

*

त्या दिवसापासून मी कोयता धरला नाही. धरायला गेलं की लगेच खाली ठेवायचे. मी मुळातच भित्री. आरू झोपली तरी तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास बघणारी मी. आता तर डोळे मिटले की तो कोयता गरगर फिरताना दिसायचा.

पंधरा दिवस आमच्या शेळ्यांना बाकीच्या बायकांनी पाला दिला. किती दिवस देणार? आत्या एक दिवस म्हणाल्या, "दसऱ्यापत्तर बघायचं, तवर ह्या बाया देतील पाला. पाला तोडणं होत नसंल तर शेळ्या इकायच्या. मुक्या जनावराला उपाशी ठिवून पाप कोण घ्यावं?"

त्यांचं चुकीचं नव्हतं, हाच तर त्रास होता.

तेव्हा पूजा धावून आली. पूजा आमच्या टोळीतली मोबाइलवाली. दहावी झालेली आहे, त्यामुळं जगातलं सगळं तिच्या मोबाइलमध्ये असतं. तिनं मला एक व्हिडिओ दाखवला. नेपाळच्या डोंगरातली एक बाई, पाठीला लेकरू बांधलेलं, हातात वाकडं पातं. एका फटक्यात फांदी खाली, दुसऱ्या फटक्यात दुसरी, आणि बाई हसतेय! हात माझ्याएवढाच. लेकरू पाठीवर झोपलेलं.

"हिला कुकरी म्हणतेत," पूजा म्हणाली.

मी तो व्हिडिओ एवढ्या वेळा बघितला की घरातलं नेट संपलं. आरूचे पप्पा विचारायले, "दुपारीच नेट संपलं कावून?"

कौसाकाकूलाही दाखवला. तिनं डोळे बारीक करून शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली, "ह्या बाईला सासू न्हाई वाटतं. बघ की, कशी हसायलीय!"

*

वस्तीवर एक कुकरी होतीच. कौसाकाकूचा पुतण्या फौजेत आहे. त्याच्या घरी भिंतीवर काचेच्या पेटीत ती लावलेली. तो सुट्टीवर आला तशा आम्ही तिघी गेलो, पूजा, कौसाकाकू आणि मी. कडेवर आरू.

"दादा, जरा हातात घिऊन बघू का?"

फौजी म्हणाला, "वैनी, ही पलटणीची भेट हाय. आणि एक नियम हाय हिचा. म्यानातून काढली की रक्त लागतंच. रक्ताबिगर परत म्यानात जात न्हाई."

मी आरूला घेऊन थेट दाराबाहेर!

कौसाकाकू मात्र बसून राहिली. बाजारातून आली होती, पिशवी सोबतच. म्हणाली, "काढ तर खरं." त्यानं काढली. तिनं त्याच्या हातातून ती घेतली, पिशवीतून एक बीट काढलं आणि खच्‌कन मधोमध कापलं. पातं लालभडक!

"घे," म्हणाली. "लागलं रगत. ठिव आता."

फौजीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण मग तोच हसला आणि मला म्हणाला, "या वैनी, बघा आता. पोट भरलंय तिचं."

आरूला पूजाकडं देऊन मी धरली. मूठ कसली, मुसळच! अंगठा आणि मधलं बोट भेटायचं नाव नाही. मुठीच्या मधोमध एक उंच कडं कोरलेलं, ते नेमकं तळहाताला टोचायचं. पण मी एकदा हवेत फिरवली आणि मला कळलं, त्या व्हिडिओतली बाई का हसत होती. पात्याचं वजन सगळं पुढं. ते आपल्या वजनानंच खाली जातं, मनगटाला जोर लावावाच लागत नाही. आणि मुठीचं टोक खाली पसरट, त्यामुळं हातातून सटकायची सोय नाही.

म्हणजे पातं हेच पाहिजे. मूठ तेवढी माझी पाहिजे.

*

पूजा म्हणाली, "त्यात काय, ऑनलाइन मागवू!"

मोबाइलवर कुकऱ्याच कुकऱ्या. खाली साइज निवडायची. स्मॉल, मीडियम, लार्ज. मी म्हटलं, "माझा हात बारका हाय. स्मॉल कर."

आठ दिवसांनी पार्सल आलं. पार्सल बघायला सगळी टोळी आमच्या अंगणात. डबा केवढा, आत कागद केवढे! एक कागद काढला, दुसरा काढला, तिसरा काढला. शेवटी आतून कुकरी निघाली. माझ्या करंगळीएवढी! म्यानसुद्धा होतं. वर अडकवायला साखळी.

सगळ्या डब्यात अजून काही आहे का ते चाचपायला लागल्या. चंद्री तेवढी ओरडली.

कौसाकाकूनं ती चिमटीत धरली. "बरी हाय," म्हणाली. "मुंग्यांच्या शेळ्यांना पाला तोडायला लई झाली."

ती कुकरी वाया गेली नाही बरं का. आत्या तिनं आलं सोलतात. "येवढं एक काम बरं केलंस," असं दर आल्याला म्हणतात.

*

मग आरूचे पप्पा पुढं झाले. ते दुधाचा टेम्पो चालवतात. मला म्हणाले, "तू कशाला नेपाळ शोधायलीस? केजला घिसाडी आलेत. मोबाइलवर फोटू दाखवतो, तशीच ठोकून देतील. मूठ बी मापाची."

मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी त्यांना दोनदा चहा दिला.

संध्याकाळी कुकरी घेऊन आले. पातं झकास! जरा जड होतं, पण वाकण बरोबर. मी देवाचं नाव घेऊन मूठ धरली. पुन्हा तेच! बोटं भेटेनात.

"माप कोणाचं दिलं?"

"माझंच," ते म्हणाले. "तुझा हात घरी होता ना!"

आता त्या कुकरीनं ते टेम्पोत नारळ फोडतात. कोणी विचारलं तर सांगतात, "बायकोसाठी केलती, पण तिला पसंत पडली न्हाई. लई चिकित्सा!"

*

आरूला लसीसाठी बीडला नेलं होतं, तेव्हाची गोष्ट. येताना मांजरसुंब्याला टेम्पो थांबला. तिथल्या एका धाब्यावर प्रेमभाऊ स्वयंपाक करतो. नेपाळचा. सगळे त्याला बहादूर म्हणतात. तो प्रत्येकाला शांतपणे सांगतो, "बहादूर मेरा चाचा था. मैं प्रेम." तरी पुढचं गिऱ्हाईक म्हणतंच, "ए बहादूर, दोन रोटी!"

मी आत डोकावले तर तो कांदा कापत होता. कुकरीनं! एवढा बारीक की विळीनं आमच्याकडून व्हायचा नाही.

आरूला लस टोचल्यामुळं ती रडत होती, मी घाबरलेली, ताप येतो की काय म्हणून. तरी मी धीर करून विचारलं, "भाऊ, ही काढली की रक्त लागतं का हो?"

तो हसायलाच लागला. "दीदी, माझी आई रोज सकाळी घास कापते, लाकूड फोडते, भोपळा कापते. रोज रोज खून कुठून आणणार ती?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. कोयता, मनगट, शेळ्या, दसरा. तो ऐकता ऐकता गंभीर झाला. म्हणाला, त्याचा मामा गावाकडं लोहारच आहे. बायकांसाठी हलकं पातं करतो, मूठ हात बघून करतो. त्याचा भाऊ महिन्याभरात गावाकडून यायचाच होता, तो घेऊन येईल.

"फक्त हाताचं माप द्या, दीदी."

माप! मी एकदम ऐटीत सांगितलं, "दोन-चार."

तो बघतच राहिला. मी बांगडी दाखवली. आमच्याकडं बाईच्या हाताचं माप म्हणजे बांगडीचा नंबर, दुसरं काय असतं? लगेच पूजाला फोन लावला. तिनं मोबाइलवर बघून सांगितलं, "दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच." प्रेमभाऊनं मामाला तिथूनच फोन करून त्यांच्या भाषेत सव्वादोन इंच कळवलं. पलीकडून मामानं काहीतरी विचारलं. प्रेमभाऊनं पुन्हा सांगितलं, सव्वादोन. मामानं पुन्हा विचारलं. पुन्हा सव्वादोन.

"काय म्हणायलेत मामा?" मी विचारलं.

"काही नाही. बोले, पक्का ना? मी म्हटलं पक्का."

घरी येईपर्यंत आरूला ताप आला नाही आणि मला झोप आली नाही, आनंदानं.

*

महिन्यानं कुकरी आली. म्यान लाकडाचं, वर काळं चामडं. म्यानाला मागं दोन छोटे खिसे, त्यात दोन छोट्या सुऱ्या. कौसाकाकूनं त्या उपसल्या आणि कपाळाला हात लावला. "अगं माय, ही तर जुळी घेऊन आली!" शेळ्या पाळणाऱ्या बायकांना यापेक्षा चांगला शकुन कोणता? सगळ्यांनी कुकरीला हळदीकुंकू लावलं.

मग मी कुकरी बाहेर काढली.

पातं कसं सांगू! हलकं, चांदण्यासारखं. आणि मूठ? सव्वादोन इंच जाड!

बांगडीतून जेवढं आत जातं, तेवढी जाड मूठ मामानं प्रामाणिकपणे करून दिली होती. एका हातात मावेना, दोन्ही हातांनी धरावी तर उखळात कांडल्यासारखं वाटायचं.

आरूच्या पप्पांनी प्रेमभाऊला फोन लावून स्पीकर चालू केला. तिकडं प्रेमभाऊ हसू दाबत होता. म्हणाला, "दीदी, माझा भाऊ सांगत होता, मामा सगळ्या गावाला विचारत फिरला, तिकडच्या बाया केवढ्या मोठ्या असतात रे?"

सगळं अंगण हसलं. मीही हसले. हसता हसताच रडायला आलं. दसऱ्याला जेमतेम बारा दिवस राहिले होते.

प्रेमभाऊच पुढं म्हणाला, "रडू नका दीदी. बारीक झाली असती तर काही इलाज नव्हता. जाड आहे ना? लाकूड कमी करता येतं."

तेही खरंच होतं!

*

आता मूठ कमी कोण करणार? सुताराकडं नेली तर तो म्हणाला, "आमी आता सगळं मशीनवर करतो, दारं आन् खिडक्या. असलं हातातलं काम बंद केलंय." आरूचे पप्पा एका संध्याकाळी बसले, दोन ढलप्या काढल्या, तेवढ्यात दूध डेअरीचा फोन आला. मी स्वतः चाकू घेतला तर पाच मिनिटांत मनगट ठणकायला लागलं.

कौसाकाकू म्हणाली, "अगं, दांडा बारीक करायचं काम काचंचं असतंय. आमच्या म्हाताऱ्यानं सगळ्या कुऱ्हाडींचे दांडे फुटक्या काचंनं तासून केले. लोण्यासारखे! मुठीला तर काचच पायजे."

"काच?" मी ओरडलेच. "घरात दोन वर्षांचं लेकरू, आणि काच? काही झालं तरी माझ्या घरात काचेचा तुकडा नको!"

"तुझी पोरगीच काचंची हाय का गं?" काकू म्हणाली.

आत्या बाजूला शेंगा फोडत बसल्या होत्या.  शेंगदाणे पाटीत, टरफलं पदरात.

कुकरी म्यानासकट पिशवीत घालून आढ्याच्या खुंटीवर टांगली, आरूचा हात पोचणार नाही अशी. रोज येता-जाता तिच्याकडं बघायचे. आणि दसऱ्याचे दिवस मोजायचे.

*

त्याच दिवसांत अजून एक भानगड. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी शेळ्यांच्या गोठ्यात झाडायला गेले, तर पत्र्याच्या खाली आडव्या लाकडावर बाटलीच्या काचेचा तुकडा! माझ्या अंगावर काटाच आला. आरू दिवसभर शेळ्यांच्या पिल्लांमागं गोठ्यात पळते. तुकडा फडक्यात धरला आणि लांब उकिरड्यावर टाकून आले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. दुसरा तुकडा!

आरूच्या पप्पांना फैलावर घेतलं. "तुमी ठिवता का काचा?" ते म्हणाले, "मी दिवसभर रस्त्यावर असतो. माझ्यावर कावून घसरायलीस?" तोही तुकडा टाकला.

तिसऱ्या दिवशी तिसरा! आणि ह्यावेळी उंच, माझाही हात टाचा वर केल्याशिवाय पोचणार नाही असा. मी आत्यांना सांगितलं, "आत्या, कोण तरी आपल्यावर करणी करायलंय. गोठ्यात रोज काच निघतीय."

आत्या चुलीकडं तोंड करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मग तू रोज टाकतीस व्हय ती?"

"टाकते तर! आरूला लागली म्हणजे?"

आत्यांनी जोरात फुंकणी फुंकली. धूर झाला म्हणून त्यांचं तोंड दिसलं नाही. "सारखं सारखं काच कुठून आणावं माणसानं," असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मी म्हटलं, "तेच तर! करणीवाल्याची बी कमाल हाय!"

त्याच दिवशी चंद्रीच्या गव्हाणीत लाकडाचा भुसा सापडला. मला वाटलं, वाळवी लागली. एक ताण कमी होता म्हणून दुसरा!

*

अष्टमीला शेळ्यांचा व्यापारी निरोप ठेवून गेला, उद्या सकाळी येतो म्हणून. आत्यांनीच महिन्यापूर्वी त्याला सांगून ठेवलं होतं. मी चंद्रीच्या गळ्यातली घंटी सोडून आत ठेवली. ती तरी राहू दे म्हटलं.

नवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. खंडेनवमी. कोयते, विळे, कुऱ्हाड, कात्री, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. प्रेमभाऊ म्हणाला होता, त्यांच्या गावीही ह्याच दिवसांत कुकरीची पूजा असते. मला वाटलं, निदान पूजेला तरी काढावी. खुंटीकडं बघितलं तर खुंटी रिकामी!

धावत देवघरात गेले. आत्यांनी पूजा मांडून ठेवली होती. पाटावर सगळ्यात पुढं आरूच्या पप्पांचा कोयता, त्याशेजारी विळा, कुऱ्हाड, ती आलं सोलायची करंगळीएवढी कुकरी, आणि मधोमध नेपाळची. म्यानातून काढलेली. पात्याला हळदीची पाच बोटं.

मूठ मात्र ती नव्हती. म्हणजे तीच होती, पण अर्धी. मधलं टोचणारं कडं गायब, पोट बारीक, खालचं टोक तेवढं पसरट ठेवलेलं. गुळगुळीत, तेल पाजलेली. मी हात पुढं केला आणि धरली. बोटांनी वेढा घातला, अंगठा मधल्या बोटावर येऊन बसला. मुठीवर करंगळीसाठीसुद्धा जागा होती, माझ्या आखूड करंगळीसाठी!

हलकेच फिरवून बघितली, सटकली नाही.

मागं वळले तर आत्या दारात. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली.

"आत्या, बोटाला काय झालं?"

"इळी लागली."

तेवढ्यात बाहेर व्यापाऱ्याची गाडी वाजली. मी कुकरी तशीच धरून उभी. आत्या पदर सारखा करत अंगणात गेल्या.

"या मावशी, दाखवा शेळ्या," व्यापारी म्हणाला.

"कुणाच्या शेळ्या?"

"तुमच्या. तुमीच तर बोलले होते."

"माझ्या कुठं हाय बाबा शेळ्या? सुनंच्या हायती. आन् तिला आता येळ न्हाई, पाल्याला चाललीय."

तो गाडी वळवून गेला. आत्या तिथूनच ओरडल्या, "अगं ए, उभी काय राहिलीस? चंद्री कवाची वरडायलीय! पोरीला ठिव माझ्यापशी, आन् जा!"

मी कुकरी म्यानात घातली आणि कमरेला बांधली. निघताना पाटाखाली काहीतरी पायाला लागलं. फडक्यात गुंडाळलेलं होतं. उघडून बघितलं तर एक जुनी गोवरी. तिच्यावर बालवाडीचा लहान पंजा उमटलेला, आणि पाची बोटांच्या खाचांमध्ये लाकडाचा बारीक भुसा भरलेला.